पायऱ्यांचे गुण

पहिल्याच तासाला मी कागद वाटते.
गृहपाठ दहा टक्के, चाचण्या पंचवीस,
घटक परीक्षा चाळीस, उरलेलं वार्षिकला.
उशीर झाला तर दिवसाला दहा कापणार.
उत्तर बरोबर पण पायऱ्या नाहीत: पाचापैकी एक.
सगळ्यात खाली रेघ,
तिच्यावर पालकांची सही.

मिरजेत आम्हाला असला कागद कुणी दिला नव्हता.
खरे बाईंची भुवई होती.
ती वर गेली की समजायचं,
चिन्ह चुकलंय.

इथे, रास अल खैमात, सिमेंट कारखान्याच्या वाऱ्याखाली
शाळा सकाळी पांढरी असते, दुपारी राखाडी.
अकरावीच्या वर्गात एसी माझ्याहून मोठ्यानं बोलतो.
तोंडानं मी डोमेन म्हणते,
मनात प्रांत.
कुठल्या किमतींना आत यायची मुभा,
कुठल्यांना नाही, आणि का.
मागच्या बाकावरून जेरिको विचारतो,
"म्हणजे व्हिसासारखं, मिस?"
वर्ग हसतो. मीही हसते, जरा उशिरा.
रशीदचा हात वर:
"हे परीक्षेला आहे का?"

सह्या परत आल्या.
जेरिकोच्या आईची जांभळ्या शाईत,
रशीदच्या थोरल्या बहिणीची, ऐटीत.
तस्नीमच्या वडिलांची सही मात्र
तस्नीमच्याच हातची.
तीच उजवीकडे चढत गेलेली रेघ,
चढ साधारण एक तृतीयांश.
वडील पोर्ट सुदानला. फोन लागला तर लागतो.
मी कागद फाइलला लावला.
त्या रकान्यात गुण नसतात.

मलाही मिळतो तसा तक्ता, दर मे महिन्यात.
"अपेक्षा पूर्ण करते." पाचापैकी तीन.
उरलेले दोन कुठे गेले
ते विचारायला जागा नाही, फक्त सहीला आहे.
मी केली. माझी मीच.

आणि परवा तस्नीमची वही:
प्रश्न सातवा, थेट उत्तर,
वर चार ओळी कोऱ्या.
"पायऱ्या कुठायत?"
"बसच्या काचेवर, मिस."
वर्ग पुन्हा हसला.
ती नाही हसली.
म्हणाली, भाऊ मांडीवर झोपला होता,
दप्तर त्याच्या पायाखाली,
एकच हात मोकळा होता.

नियम माझाच. एक गुण.
लाल पेन टेकवलं, आकडा काही उमटेना.

दीडला मी कॅन्टीनच्या मागे गेले.
चौदा नंबरची बस, गुल जमान बादली घेऊन.
पुढच्या काचा झाल्या होत्या त्याच्या.
शेवटून दुसरी राहिली होती.

धुळीत बोटानं काढलेलं गणित:
पहिली ओळ ठीक. दुसरी ठीक.
तिसरीत वजा हवं तिथे अधिक,
मग अंगठ्यानं पुसून, वजा.
खाली आलेख, तीनपाशी दुभंगलेला,
आणि एक आडवी रेघ,
जिच्या जवळ, आणखी जवळ
वक्र जात राहतो काचेच्या रबरापर्यंत.
अनंतस्पर्शिका.
कुणी ठेवलं असेल हे नाव
एवढ्या भरवशानं,
की आज नाही, पण तिकडे कुठेतरी
टेकेलच.

मी सीटवर बसले. वही उघडली.
चार दिले.
एक कापला: अक्षांना नावं नाहीत.
(खरे बाईंनी दीड कापला असता.)

गुल जमान दारातून वाकला, हातात ओलं फडकं.
"मॅडम, पोंछ दूँ?"
थांब म्हटलं. एकदा फेरतपासणी करू दे.
बाहेर घंटा झाली होती,
आणि काचेतून, वक्राच्या अलीकडून,
तस्नीम येताना दिसली,
भावाचं दप्तर एका खांद्यावर,
स्वतःचं दुसऱ्या.